रूळ नेहमी उशिरा का येतात? ठाणे-कल्याण लोकलचा १७० वर्षांचा हिशेब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. कल्याण, डोंबिवली, दिवा, बदलापूर, टिटवाळा या पट्ट्यात राहत असाल तर सवडीने वाचा. रोज ज्या रुळांवरून आपण जातो त्यांचीच ही गोष्ट आहे.

आपल्याकडे लोकलचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, गाड्या वाढवा ना!" मागणी रास्तच आहे. पण गाड्या वाढवणं म्हणजे कारशेडमधून आणखी चार रेक बाहेर काढणं, इतकं ते सोपं नाही. गाडी धावायला रूळ मोकळा लागतो, रुळाला जागा लागते आणि जागेला पैसा लागतो. आपल्या पट्ट्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आधी माणसं आली, मग इमारती आल्या आणि रूळ सगळ्यांत शेवटी आले. कधी दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनी. मधल्या काळाची किंमत प्रवाशांनी मोजली.

सुरुवातीपासून बघू.

१६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळेत सगळ्यांनी पाठ केली आहे. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांनी रेल्वेसाठी पुढाकार घेतला होता, हेही आपल्याला माहीत असतं. पण साधारण वर्षभराने, १ मे १८५४ ला, हीच लाईन कल्याणपर्यंत पोचली, हे फारसं कुणी सांगत नाही. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून, पारसिकच्या डोंगराला मुंब्र्याकडून वळसा घालून रूळ कल्याणात आले. तिथून दोन फाटे फुटले. एक बोरघाट चढून १८६३ मध्ये पुण्याला जोडला गेला, दुसरा थळघाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला.

आता हे रूळ कशासाठी टाकले होते? डोंबिवलीच्या माणसाला फोर्टातल्या हापिसात नेण्यासाठी नक्कीच नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही लंडनच्या भांडवलावर उभी राहिलेली कंपनी होती. तिला खानदेश-वऱ्हाडचा कापूस घाट उतरवून मुंबई बंदरात आणायचा होता. लँकेशायरच्या गिरण्या त्या कापसाची वाट बघत होत्या. म्हणजे ज्याला आपण आज "लोकलचा ट्रॅक" म्हणतो तो जन्माने मालगाडीचा आणि लांब पल्ल्याच्या गाडीचा ट्रॅक आहे. लोकल तिथे मागाहून आलेली भाडेकरू! पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथे आहे.

पन्नास-साठ वर्षांत वाहतूक एवढी वाढली की दोन रूळ पुरेनात. तेव्हाच्या इंजिनिअरांनी पारसिकच्या डोंगरातून सरळ बोगदा काढायचं ठरवलं. सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला. जुनी लाईन मुंब्र्याच्या वळणावरून स्लो गाड्यांसाठी, नवी लाईन बोगद्यातून फास्ट गाड्यांसाठी. ठाण्यानंतर गाडी बोगद्यात शिरली की पोरं ओरडायची, आठवतंय ना? तो बोगदा शंभर वर्षांपूर्वी केलेली सोय होती. वेगळ्या वेगाच्या गाड्यांना वेगळे रूळ, हा धडा तेव्हाच शिकून झाला होता. पुढे आपण तो विसरलो.

त्यानंतरची मोठी सुधारणा म्हणजे वीज. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बरवरची पहिली विजेची लोकल धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उद्घाटनाला होते. डबे होते चार. १९३० पर्यंत वीज कल्याणच्या पुढे पुण्याला आणि इगतपुरीला पोचली. त्यासाठी रेल्वेने आपल्या ठाकुर्लीला चोळ्याचं वीजघर उभारलं. ठाकुर्ली-डोंबिवलीची जुनी माणसं आजही "पॉवर हाऊस" म्हणतात ते हेच.

विजेने नेमकं काय साधलं? वाफेचं इंजिन वेग घ्यायला वेळ लावतं. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. शिवाय शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून, फिरवून, दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन. मोटरमन या टोकाचा त्या टोकाला गेला की गाडी परतीला तयार. त्यामुळे तेवढ्याच रुळांवर आणि तेवढ्याच प्लॅटफॉर्मवर जास्त गाड्या बसल्या. ही खरी क्षमतावाढ. ती करताना रुळालगत एक झोपडी हलवावी लागली नाही, एक इमारत पाडावी लागली नाही, कारण ठाण्यापलीकडे तेव्हा बहुतेक शेतं आणि खाजणंच होती.

मग आली फाळणी. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि उल्हासनगर उभं राहिलं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, डोंबिवलीत एमआयडीसी आली. गिरगाव-दादर-परळच्या चाळींत कुटुंबं मावेनाशी झाली तेव्हा मराठी मध्यमवर्गाने स्वस्त आणि हवेशीर घर म्हणून डोंबिवली गाठली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव सुटला तो वेगळाच. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. घर इकडे, नोकरी तिकडे आणि मधे चार रूळ.

या सगळ्या काळात रेल्वेने काय केलं? डबे वाढवले. नऊ डब्यांची गाडी झाली, मग बारा डब्यांची. २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकलही आली, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच. डबे वाढवणं चांगलंच. एका मोटरमनमध्ये, एका सिग्नलमध्ये जास्त माणसं जातात आणि जमीन लागते ती फक्त प्लॅटफॉर्म लांबवायला. पण यालाही मर्यादा आहे. स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना पूल, फाटक, वळण, यार्ड असतं. प्लॅटफॉर्म किती लांबवणार?

आता येतो खरा गुंता. "दोन गाड्यांमध्ये तीन-चार मिनिटांचंच अंतर ठेवा की," असं आपण सहज म्हणतो. एका वेगाच्या, एकाच ठिकाणी थांबणाऱ्या गाड्या असतील तर ते जमतं. पण त्याच रुळावर मध्येच एक मेल-एक्स्प्रेस घुसली, की तिच्या पुढे आणि मागे मोकळी जागा ठेवावी लागते. मालगाडी असेल तर विचारूच नका. एक लांब पल्ल्याची गाडी दोन-तीन लोकलची जागा खाऊन जाते. त्यात रेल्वे फाटक. दिव्याचं फाटक एकदा उघडलं की दोन्ही बाजूंच्या वाहनांची रांग संपेपर्यंत बंद होत नाही आणि तोवर लोकल सिग्नलला उभी. आठ वाजून काही मिनिटांची गाडी साडेआठला का येते, त्याचं एक उत्तर इथे आहे.

उपाय सर्वांना माहीत होता. मेल-एक्स्प्रेसला वेगळी पाचवी आणि सहावी लाईन द्यायची. दिवा ते कल्याण अशी लाईन आधीच होती. पण ठाणे ते दिवा हा टप्पाच नव्हता. म्हणजे कल्याणहून येणारी मेल दिव्यापर्यंत स्वतंत्र रुळावर येणार आणि तिथे पुन्हा लोकलच्या रुळात घुसणार. चार पदरी रस्ता मध्येच दोन पदरी झाला की काय होतं, हे शिळफाट्यावर अडकलेल्या कोणालाही विचारा.

१९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ, म्हणजे एमआरव्हीसी, स्थापन झालं. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र सरकारचा ४९ टक्के. एमयूटीपी या प्रकल्पांचा खर्च रेल्वे आणि राज्याने साधारण निम्मा-निम्मा उचलायचा ठरला. ही गोष्ट लहान वाटली तरी मोठी होती. तोवर लोकल म्हणजे "दिल्लीचा विषय" होता. राज्य म्हणायचं रेल्वे केंद्राची, रेल्वे म्हणायची उपनगरी वाहतूक तोट्याची. पहिल्यांदाच दोघांनी खिशात हात घातला.

पहिल्या टप्प्यात कुर्ला-ठाणे पाचवी-सहावी लाईन होती. तिथे दुसरा प्रश्न आडवा आला, जागेचा. रुळांना अगदी खेटून हजारो झोपड्या. सन २००० च्या सुरुवातीला रेल्वेने पाडकाम सुरू केलं आणि मोठा असंतोष झाला. मग जॉकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचं संघटन आणि 'स्पार्क' ही संस्था यांना बरोबर घेऊन लोकांचीच गणना झाली, याद्या झाल्या, आधी पर्यायी जागा आणि मग स्थलांतर असा क्रम ठरला. सगळ्या एमयूटीपीत मिळून सुमारे १८ हजार कुटुंबं हलवावी लागली. पुनर्वसनाच्या काही वसाहतींची अवस्था वाईट आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण लोकांना विश्वासात घेतलं की काम पुढे सरकतं, हे तिथे दिसलं. आणि रुळालगतची जागा वेळेत राखली नाही तर तीच जागा पुढे कितीतरी महाग पडते, हेही दिसलं.

ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या लाईनला एमयूटीपीच्या दुसऱ्या टप्प्यात, २००८ मध्ये मंजुरी मिळाली. अंतर आठ-नऊ किलोमीटरचं. ती सुरू कधी झाली? १८ फेब्रुवारी २०२२. चौदा वर्षं! श्रीरामाचा वनवास तेवढ्यात संपला होता.

या चौदा वर्षांत काय काय झालं बघा. दिव्यात चाळी आणि इमारती इतक्या वाढल्या की सकाळी दिव्याला गाडीत पाय ठेवणं मुश्कील झालं. गाडी कल्याण-डोंबिवलीहूनच भरून यायची. २ जानेवारी २०१५ ला सकाळी गाड्या रखडल्या आणि दिव्यात उद्रेक झाला. दगडफेक, जाळपोळ, सगळी मध्य रेल्वे ठप्प. दगडफेकीचं समर्थन कोणी करणार नाही. पण त्याआधी किती वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या होत्या, तेही विसरता येणार नाही. त्यानंतर २०१६ च्या शेवटी दिव्याला फास्ट लोकल थांबू लागली. म्हणजे दिवेकरांना थांबा मिळाला, रूळ मिळायला आणखी पाच वर्षं लागली.

आणि २०२२ मध्ये रूळ मिळाले तेव्हा काय झालं? सुमारे ६२० कोटी रुपये खर्चाची लाईन सुरू झाली. फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूच्या नव्या रुळांवर आल्या आणि पारसिकचा बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला. ३६ जादा लोकल जाहीर झाल्या. पण त्यातल्या बहुतेक एसी. एसीला विरोध नाही, गरमीत कोणाला नको आहे एसी? पण दुसऱ्या वर्गाचा पास असलेल्या माणसाला एसी गाडी आली की ती गाडी आलीच नाही असं असतं. त्याच ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या चालवल्या म्हणून कळवा आणि बदलापूरला प्रवासी रुळावर उतरले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. इतक्या वर्षांनी रुळावर जी जागा मोकळी झाली ती कुणाला मिळणार, हा प्रश्न प्रवाशांना विचारायचा राहूनच गेला होता.

मग ९ जून २०२५. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन फास्ट लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. सकाळी कामाला निघालेली माणसं. चौकशा झाल्या, नव्या लोकलना बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. दरवाजे हवेतच. पण माणूस दारात हौसेने लटकत नाही. आत जागा नसते म्हणून लटकतो. कोविडची वर्षं सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वगैरे दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. युद्ध नाही, साथ नाही, नेहमीचं वर्ष.

आता खाडीपलीकडे बघू, म्हणजे तुलना होईल. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. तिथेही रेल्वे लगेच आली नाही. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ चा आणि लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. म्हणजे वीस वर्षांची वाट वाशीकरांनीही पाहिली. पण फरक दोन गोष्टींत होता. एक, मानखुर्द-बेलापूर रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने केला आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडको जमिनीची मालक. स्टेशन आलं की आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढतो आणि तो भाव सिडकोच्या तिजोरीत येतो. त्यातून रूळ. प्रवाशांकडून तिकिटावर अधिभारही घेतला गेला, म्हणजे त्यांनीही वाटा उचलला. दुसरी गोष्ट, रुळांची जागा नकाशावर आधीच मोकळी ठेवलेली होती. वाशी किंवा बेलापूर स्टेशनात उतरून बघा, किती ऐसपैस. मग डोंबिवलीचा पूल आठवा.

आपल्याकडे काय झालं? स्टेशनामुळे जमिनीला भाव आला. बिल्डरने जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटे" छापलं. त्या भावातला किती पैसा पाचव्या-सहाव्या लाईनला मिळाला? इमारतीला परवानगी देणारं कार्यालय वेगळं, रूळ टाकणारं वेगळं, आणि दोघांच्या वेळापत्रकाची कधी गाठच पडली नाही.

हा सगळा इतिहास आज का सांगायचा? कारण तीच गोष्ट आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर, पंधरा-वीस किलोमीटर पुढे पुन्हा घडते आहे.

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. कल्याण-कर्जत मार्गावर लोकल, पुणे आणि दक्षिणेच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळ्यांना मिळून दोनच रूळ. अंबरनाथ-बदलापूरला टॉवर उभे राहताहेत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन एमयूटीपी ३अ मध्ये २०१९ ला मंजूर झाली. तिकडे टिटवाळा-आसनगाव बाजूलाही तेच. कल्याण-आसनगाव चौथी लाईन त्याच यादीत आहे. ऐरोली-कळवा जोडमार्ग झाला तर कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्याला उतरून धक्के खायला नकोत. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याकडचा उन्नत मार्ग झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडला. आणि कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी लाईन, जी ठाणे-दिव्याबरोबरच २००८ मध्ये मंजूर झाली होती, तिचं काम अजून चालूच आहे. मेल-एक्स्प्रेसला पुढे कुर्ल्यानंतर पुन्हा लोकलच्या रुळावर यावंच लागतं.

मेट्रो येतेय, तिचं स्वागत. ठाणे-भिवंडी-कल्याण आणि कल्याण-तळोजा दोन्ही मार्ग कामाचे आहेत. पण बदलापूरच्या माणसाला दादरला मेट्रो नेणार नाही. आपल्या पट्ट्याचा कणा लोकलच राहणार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की "गाड्या वाढवा" ही मागणी आता जरा नेमकी करू या. निवेदन देताना, सभेत, निवडणुकीत उमेदवार दारात आला की तीन प्रश्न विचारा.

पहिला, तिसऱ्या-चौथ्या लाईनसाठी लागणारी किती जमीन ताब्यात आली आणि किती बाकी आहे? टक्केवारी नको, गावनिहाय सांगा.

दुसरा, रुळालगतच्या पट्ट्यात नव्या बांधकामांना परवानगी देताना पुढच्या रुळांची जागा सोडली जाते का? पालिका आणि रेल्वे याबाबत एकत्र कधी बसतात?

तिसरा, इमारतींच्या परवानग्यांतून जो विकास निधी जमतो त्यातला ठरावीक हिस्सा रेल्वेच्या कामांना, पादचारी पुलांना, फाटकावरच्या उड्डाणपुलांना का बांधून देऊ नये? नवी मुंबईत जमिनीच्या पैशातून रूळ झाले, तर इकडे का नाही?

यात एका पक्षाला दोष देण्याचा हेतू नाही. २००८ पासून केंद्रात आणि राज्यात जवळपास सगळेच पक्ष सत्तेवर येऊन गेले. रूळ सगळ्यांच्याच काळात रेंगाळले.

१९१६ मध्ये पारसिकचा बोगदा खोदणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपण नव्हतो. त्यांना मालगाड्या आणि मेल वेळेवर चालवायच्या होत्या. तरी त्यांनी पुढची शंभर वर्षं पुरेल अशी सोय केली आणि आपली फास्ट लोकल त्यावर धावली. आज बदलापूर-आसनगावला घर घेणाऱ्या तरुण जोडप्याचं कर्ज वीस वर्षांचं आहे. त्यांचे हप्ते संपायच्या आत रूळ यावेत, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

तुमच्या स्टेशनावरची परिस्थिती काय आहे, कोणतं काम कधीपासून अडलंय, ते खाली जरूर लिहा. आकडे आणि तारखांसकट लिहा, म्हणजे निवेदनात घालता येईल. आणि पटलं असेल तर रोजच्या गाडीतल्या ग्रुपवर पुढे पाठवा.